घरबसल्या राज्यशास्त्र: प्रवेशापासून उत्तरपत्रिकेपर्यंत

नोकरी, शेती किंवा घर सांभाळून राज्यशास्त्र शिकायचे तर आज साहित्याची टंचाई नाही. पाठ्यपुस्तके, व्याख्याने, संविधान सभेतील चर्चा, न्यायालयाचे निकाल, निवडणुकीची आकडेवारी, सगळे फुकट मिळते. तरीही दूरशिक्षणाला बसलेली बरीच मुले-माणसे दोनच ठिकाणी अडकतात. एक, मान्यता न तपासता घेतलेला प्रवेश. दोन, वर्षभर व्हिडिओ पाहिले, पण हाताने उत्तर एकही लिहिले नाही. पहिल्या चुकीत पैसे जातात, दुसरीत वर्ष. हा लेख पदवी किंवा एमए करणाऱ्यांसाठी आहे. ज्यांना पदवी नको, नुसता विषय समजून घ्यायचा आहे, त्यांनी प्रवेशाचा भाग सोडून थेट साहित्याकडे जावे.

मान्यता आधी, माहितीपत्रक नंतर

दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्यांना विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२० चे विनियम लागू आहेत. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर, म्हणजे यूजीसी-डेबवर, मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. ती पाहताना तीन रकाने जुळले पाहिजेत: संस्थेचे नाव, अभ्यासक्रमाचे नाव आणि शैक्षणिक सत्र. विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे एवढ्यावर समाधान मानू नका. मान्यता अभ्यासक्रमागणिक आणि सत्रागणिक मिळते. एखाद्या विद्यापीठाच्या एमकॉमला ती असते आणि राज्यशास्त्राच्या एमएला नसते, असे होऊ शकते. यादीतले ते पान तारखेसह पीडीएफ करून ठेवा. पुढे नोकरीच्या वेळी पदवीच्या वैधतेबद्दल कोणी शंका काढली, तर हाच कागद उपयोगी पडतो.

'दूरस्थ' आणि 'ऑनलाइन' हे दोन वेगळे प्रकार आहेत. दूरस्थमध्ये छापील किंवा डिजिटल पुस्तके, अभ्यासकेंद्र आणि संपर्क सत्रे असतात. ऑनलाइनमध्ये शिकवणे पूर्णपणे इंटरनेटवरून होते. फरक व्यवहारात जाणवतो तो कार्यक्षेत्राच्या अटीमुळे. राज्य विद्यापीठाला दूरस्थ अभ्यासक्रम आपल्या राज्याच्या हद्दीतच चालवता येतो, ऑनलाइनला तशी हद्द नाही. त्यामुळे बेळगाव, इंदूर किंवा बडोद्यात राहणाऱ्या मराठी माणसाला नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र स्वतःच्या गावात मिळणार नाही. त्याच्यासाठी इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, सोपे पडते, कारण ते केंद्रीय विद्यापीठ आहे आणि त्याची केंद्रे देशभर आहेत. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि नागपूर येथे इग्नूची प्रादेशिक केंद्रे आहेत, गोव्यासाठी वेगळे.

पीएचडी दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने होत नाही. तसे आश्वासन देणाऱ्याचा फोन तिथेच ठेवा. दलालांच्या बाबतीत आणखी एक खूण सांगतो: 'फी हप्त्याने भरा' असे म्हणून तुमच्या नावावर एखाद्या वित्तसंस्थेचे कर्ज काढले जाते. प्रवेश रद्द केला तरी हप्ते थांबत नाहीत. फी भरायची ती विद्यापीठाच्या स्वतःच्या पोर्टलवर, आणि पावतीवर विद्यापीठाचेच नाव हवे.

कोणते विद्यापीठ, कोणते माध्यम

निवड खरे तर माध्यमावर ठरते, आणि ती नेमकी घाईत केली जाते.

इग्नू १९८५ पासून आहे. राज्यशास्त्राच्या एमएचे साहित्य इंग्रजी आणि हिंदीत मिळते. मराठीत उत्तरे लिहिण्याची सोय तिथे धरून चालू नका. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, नाशिक (१९८९) हे मुख्यतः मराठी माध्यमाचे. मुंबई विद्यापीठाचे दूरशिक्षण १९७१ पासून चालते. पुष्कळ लोक त्याला अजून 'आयडॉल' म्हणतात, आता नाव दूरस्थ व ऑनलाइन शिक्षण केंद्र असे आहे. पुणे विद्यापीठाची मुक्त अध्ययन प्रशाला आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे दूरशिक्षण केंद्रही आहे. प्रत्येक ठिकाणी त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडून दोन प्रश्नांची उत्तरे शोधा: राज्यशास्त्र हा विषय यंदा आहे का, आणि उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ईमेलने लेखी मागवा, तोंडी नको.

इथे एक घोळ नेहमी होतो. लोकप्रशासन आणि राज्यशास्त्र हे सख्खे विषय असले तरी पदवीवर नाव वेगळे छापले जाते. पुढे कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवायचे असेल, सेट-नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा द्यायच्या असतील, तर पदवीवर 'राज्यशास्त्र' हाच शब्द हवा. 'जवळजवळ तेच आहे' हे उत्तर छाननी समितीपुढे चालत नाही.

आणि ज्याला पुढे इंग्रजीतली नियतकालिके वाचायची आहेत त्याने इंग्रजी साहित्य वाचून उत्तरे मराठीत लिहिण्याचा मार्ग घ्यावा, हे आमचे मत. शिकण्याची भाषा आणि संदर्भांची भाषा वेगळ्या असणे हा तोटा वाटतो, पण वर्षभरात तो नफ्यात बदलतो. एवढेच की पारिभाषिक शब्दांची वही पहिल्या दिवसापासून हवी: लेजिटिमसीला अधिमान्यता, सॉव्हरिन्टीला सार्वभौमत्व, हेजिमनीला धुरीणत्व. राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन आहेत. शब्द तिथूनच घ्या, म्हणजे परीक्षकाला तुमचा शब्द अनोळखी वाटणार नाही.

फॉर्म भरण्याचा क्रम

१. आधी डिजिलॉकर आणि त्यातून एबीसी, म्हणजे शैक्षणिक क्रेडिट बँकेचा १२ अंकी क्रमांक काढा.

२. तो हातात आल्यावर यूजीसी-डेबच्या पोर्टलवर डेब-आयडी काढा. २०२४ पासून दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशाला तो लागतो.

३. मग विद्यापीठाच्या पोर्टलवर अर्ज.

हा क्रम उलटा केला की अर्ज अर्ध्यात अडतो आणि मुदत संपते.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते नावामुळे. महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते, आधारवर बहुधा स्वतःचे नाव आधी. लग्नानंतर आधारवर नाव बदललेले असते, दहावीच्या कागदावर माहेरचे. पोर्टल अक्षरे जुळवून पाहते, त्याला समजूतदारपणा नसतो. म्हणून अर्जाआधी आधार, दहावीची गुणपत्रिका आणि शेवटची पदवी हे तीन कागद शेजारी ठेवून नाव, जन्मतारीख आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव अक्षर न् अक्षर तपासा. फरक असेल तर आधी आधार दुरुस्त करा. नाव बदलल्याचे राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला स्कॅन करून ठेवा.

फोटो, सही आणि गुणपत्रिका यांच्या फाइल्सना केबीची मर्यादा असते, ती प्रत्येक रकान्याखाली लिहिलेली असते. मोबाइलने काढलेला फोटो २ ते ४ एमबीचा असतो, तो तसाच चढणार नाही. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने सही करा, कडा कापा, मग आकार कमी करा. निळ्या रेघांच्या वहीच्या पानावर केलेली सही परत पाठवली जाते.

इग्नूत प्रवेशाची सत्रे जानेवारी आणि जुलै अशी दोन. डिजिटल साहित्य निवडले तर शुल्कात सवलत मिळते, पण एमएच्या पुस्तकांना छापील प्रतच घ्यावी. सहाशे पानांचा गठ्ठा मोबाइलवर वाचून कोणी पूर्ण करत नाही, आणि झेरॉक्सच्या दुकानात तीच पाने छापून घेताना सवलतीपेक्षा जास्त पैसे जातात. दुसऱ्या वर्षाची पुनर्नोंदणी पहिल्या वर्षाच्या निकालाची वाट न पाहता करायची असते. 'निकाल लागला की भरू' म्हणणाऱ्यांचे एक सत्र वाया जाते. मोबाइलवर त्या मुदतीचा गजर आजच लावा.

नियमित महाविद्यालयात एक पदवी सुरू असताना दुसरी दूरस्थ किंवा ऑनलाइन करायला आयोगाने २०२२ पासून परवानगी दिली आहे. मात्र दोन्हींच्या परीक्षांच्या तारखा आपटल्या तर मधला मार्ग कोणी काढून देत नाही.

किती तास लागतात

दूरशिक्षणात एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरतात. ६४ क्रेडिटचा दोन वर्षांचा एमए असेल तर वर्षाला ३२ क्रेडिट, म्हणजे ९६० तास. सणवार आणि आजारपणाचे चार आठवडे सोडले तर ४८ आठवड्यांत आठवड्याला २० तास. रोज दोन तास आणि रविवारी आठ, असा हिशेब बसतो. नोकरी करून हे जमत नसेल तर लपवाछपवी न करता तीन वर्षांत करायचे ठरवा. कमाल मुदत चार वर्षांची मिळत असेल तर ती वापरण्यात कमीपणा नाही. पहिल्या वर्षी दोनच पेपर नीट देणारा विद्यार्थी चार पेपर कसेबसे देणाऱ्यापेक्षा लवकर सुटतो.

साहित्य: कुठून, किती, कसे

पाया बालभारतीच्या अकरावी आणि बारावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकांनी घाला. ई-बालभारतीवर पीडीएफ मोफत आहेत. बारावीचे पुस्तक १९९१ नंतरच्या जगावर आणि समकालीन भारतावर आहे. ज्यांची पदवी वाणिज्य किंवा विज्ञानाची आहे त्यांनी ही दोन पुस्तके पंधरा दिवसांत संपवून मगच एमएचे पहिले पुस्तक उघडावे. मराठीत संकल्पनांची छोटी टिपणे हवी असतील तर मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावर मिळतात.

पदवी आणि एमएसाठी इग्नूचे ई-ज्ञानकोश हे सगळ्यात भरवशाचे कोठार. तुमचा प्रवेश इग्नूत नसला तरी त्यातली घटकनिहाय पीडीएफ उतरवता येतात. त्याच्या जोडीला ई-पीजी पाठशाळा, यात राज्यशास्त्राचे स्वतंत्र दालन आहे, प्रत्येक पाठाला मजकूर आणि स्वयंचाचणी. शोधगंगेवर पीएचडीचे प्रबंध आहेत, मराठीतले सुद्धा. महाराष्ट्राच्या राजकारणावरचा पेपर असेल तर प्रबंधाचे दुसरे-तिसरे प्रकरण आणि संदर्भसूची तेवढी वाचा, अख्खा प्रबंध नको. राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयात नोंदणी करून ठेवा. इंग्रजी नियतकालिकांसाठी जेस्टोरवर वैयक्तिक खाते काढले की महिन्याला ठरावीक संख्येने लेख ऑनलाइन वाचता येतात. राजकीय विचारांसाठी परदेशी व्याख्याने ऐकायची असतील तर येल विद्यापीठाचा स्टीव्हन स्मिथ यांचा २००६ मध्ये चित्रित झालेला राजकीय तत्त्वज्ञानाचा अभ्यासक्रम घ्या. २४ व्याख्याने, प्रत्येकाचा लिखित मजकूर उपलब्ध. इंग्रजी उच्चार पकडता येत नसतील त्यांनी आधी मजकूर वाचावा, मग ऐकावे.

डेटा कमी पडत असेल तर व्याख्यान १४४ किंवा २४० पी वर पाहा. माणूस उभा राहून बोलत असतो, चित्राला काही महत्त्व नसते. ४८० पी वर एका तासाला साधारण ४०० ते ५०० एमबी जातात, १४४ पी वर शंभराच्या आसपास. ज्या घरात नेट नाही पण टीव्ही आहे तिथे स्वयंप्रभाच्या शैक्षणिक वाहिन्या डीडी फ्री डिशवर विनाशुल्क दिसतात.

जुन्या मराठी पीडीएफची एक खास डोकेदुखी आहे. त्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतात. वाचायला ठीक दिसतात, पण शोध लागत नाही आणि मजकूर उचलून चिकटवला की निरर्थक चिन्हे उमटतात. दृष्टिहीन विद्यार्थ्याचे स्क्रीन रीडरही अशा फाइलवर निरुपयोगी ठरते. उपाय: पानाची प्रतिमा काढा, ती गुगल ड्राइव्हवर चढवा आणि गुगल डॉक्सने उघडा. देवनागरी मजकूर बऱ्यापैकी ओळखला जातो. जोडाक्षरे आणि आकडे मात्र मूळ पानाशी ताडून पाहा, कारण ३ आणि ६ यांची अदलाबदल सर्रास होते आणि 'अनुच्छेद ३५३' चा 'अनुच्छेद ३५६' होणे परीक्षेत महागात पडते. दृष्टिबाधितांसाठी सुगम्य पुस्तकालय हे वेगळे ऑनलाइन ग्रंथालयही आहे, तिथे सदस्यत्व घ्यावे.

फाइल्सना नावे देण्याची शिस्त पहिल्याच दिवशी लावा: पेपर, घटक, विषय, वर्ष. 'डाउनलोड ४७' नावाच्या फाइलला परीक्षेच्या आदल्या रात्री कोणी शोधू शकत नाही.

एक विषय, एक आठवडा: पक्षांतरबंदीचे उदाहरण

अभ्यास कसा करायचा हे सांगण्यापेक्षा एक विषय सोडवून दाखवलेला बरा. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला पक्षांतरबंदी घरची आहे, आणि नेमक्या याच विषयावर उत्तरे बातम्यांच्या भाषेत लिहिली जातात. गुण तिथेच जातात.

सोमवार. पाठ्यपुस्तकातला घटक एकदा, न थांबता वाचा. खुणा करू नका. शेवटी तीन प्रश्न लिहा, ज्यांची उत्तरे पुस्तकात मिळाली नाहीत. उदाहरणार्थ: अपात्रतेचा निर्णय सभापती किंवा अध्यक्षच का देतो? व्हिप, म्हणजे सभागृहात पक्षादेश काढणारा प्रतोद, कोण नेमतो? फुटलेल्या गटाला संरक्षण कधी मिळते?

मंगळवार. मूळ मजकूर. संविधानाची दहावी अनुसूची काढा, ती ५२ व्या दुरुस्तीने १९८५ मध्ये आली. मराठी प्रत केंद्र सरकारच्या विधायी विभागाच्या संकेतस्थळावर आहे. प्रादेशिक भाषेतली प्रत इंग्रजीच्या मागे राहिलेली असू शकते, म्हणून इंग्रजी प्रतही शेजारी ठेवा आणि ती १०६ व्या दुरुस्तीपर्यंतची (२०२३) आहे ना ते पाहा. परिच्छेद २ मध्ये अपात्रतेची कारणे: पक्षाचे सदस्यत्व स्वेच्छेने सोडणे किंवा पक्षादेशाविरुद्ध मतदान करणे, आणि पक्षाने ते १५ दिवसांत माफ केलेले नसणे. परिच्छेद ३ वगळलेला दिसेल. एक तृतीयांश आमदारांच्या 'फुटी'ला संरक्षण देणारी ती तरतूद ९१ व्या दुरुस्तीने २००३ मध्ये गेली. जुन्या गाइडवरून अभ्यास करणारे आजही उत्तरात एक तृतीयांश लिहितात. परिच्छेद ४ विलीनीकरणाचा, दोन तृतीयांश सदस्यांची अट. परिच्छेद ६ नुसार निर्णय पीठासीन अधिकाऱ्याचा, म्हणजे सभापती किंवा अध्यक्षाचा. परिच्छेद ७ न्यायालयांना बाहेर ठेवू पाहत होता.

बुधवार. निकाल. किहोटो होलोहान (१९९२) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३ विरुद्ध २ अशा बहुमताने अनुसूची वैध ठरवली, पण परिच्छेद ७ रद्द केला आणि अध्यक्षाचा निर्णय न्यायालयीन पुनर्विलोकनाखाली आणला. मग ११ मे २०२३ चा शिवसेनेतील फुटीवरचा घटनापीठाचा निकाल, सुभाष देसाई खटला. निकालपत्र मोठे आहे, सगळे वाचू नका. शेवटचे निष्कर्षांचे परिच्छेद वाचा. त्यात चार गोष्टी सापडतील: व्हिप विधिमंडळ पक्ष नव्हे तर राजकीय पक्ष नेमतो, राज्यपालांनी बहुमत चाचणी घ्यायला सांगणे समर्थनीय नव्हते, उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्यामुळे त्यांचे सरकार पुन्हा आणता येत नाही, आणि अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनीच द्यायचा. त्यानंतर अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी १० जानेवारी २०२४ रोजी निर्णय दिला: शिंदे गट हाच खरा पक्ष, आणि दोन्ही बाजूंचे कोणीही अपात्र नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआर पोर्टलवर निकाल मोफत आहेत, निवडक निकालांचे मराठी अनुवादही.

गुरुवार. वाद. एकच प्रश्न धरा: पक्षांतरबंदीने सरकारे स्थिर झाली, की आमदाराचा आवाज गेला? दोन्ही बाजूंना प्रत्येकी तीन मुद्दे, प्रत्येक मुद्द्याला एक तरतूद किंवा एक घटना. ज्या मुद्द्याला आधार मिळत नाही तो खोडा, कितीही पटत असला तरी.

शुक्रवार. पुस्तके मिटून ५०० शब्दांचे उत्तर, घड्याळ लावून ३६ मिनिटांत. एवढीच मिनिटे का, ते खाली परीक्षेच्या भागात येईल.

शनिवार. लाल पेनाने स्वतः तपासणे. प्रत्येक परिच्छेदाशेजारी लिहा: यात तरतूद आहे का, वर्ष आहे का, युक्तिवाद आहे का? 'लोकशाहीच्या दृष्टीने हे अत्यंत महत्त्वाचे आहे' अशा वाक्यांखाली रेघ मारा. ती काढल्यावर उत्तर किती उरते ते मोजा. पहिल्या महिन्यात निम्मे उरले तरी बरे. रविवारी तेच उत्तर पुन्हा लिहा.

सिद्धांताच्या घटकांना याच क्रमाने जा, फक्त निकालांच्या जागी मूळ भाषणे किंवा ग्रंथांतले उतारे येतील. संविधान सभेची चर्चा संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात आहे. सुरुवात ४ नोव्हेंबर १९४८ च्या बाबासाहेबांच्या भाषणाने करा, त्यात मसुद्यावरच्या आक्षेपांना त्यांनी दिलेली उत्तरे आहेत. मग २५ नोव्हेंबर १९४९ चे समारोपाचे भाषण. महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या खंडांपैकी तेरावा खंड संविधान सभेचा आहे.

आकड्यांचा घटक आला की निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल उतरवा आणि तक्ता स्वतः करा. २०१४ ची लोकसभा घ्या. भाजपला सुमारे ३१ टक्के मते आणि ५४३ पैकी २८२ जागा, म्हणजे जवळपास ५२ टक्के. काँग्रेसला सुमारे १९ टक्के मते आणि ४४ जागा. बहुजन समाज पक्षाला सुमारे ४ टक्के मते आणि एकही जागा नाही. या तीन ओळींवर निवडणूक पद्धतीचे अख्खे उत्तर उभे राहते. स्वतःच्या जिल्ह्यातल्या मतदारसंघांचा असाच तक्ता केला तर परीक्षकाला ते वाचायला वेगळेपणाने बरे वाटते.

स्वयमचे क्रेडिट: घ्या, पण आधी विचारून

केंद्र सरकारचे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे स्वयम पोर्टल २०१७ पासून सुरू आहे. राज्यशास्त्राचे अभ्यासक्रम तिथे जानेवारी आणि जुलै सत्रात येतात. नावनोंदणी आणि शिकणे मोफत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला वेगळे शुल्क आणि वेगळा अर्ज. इथेच पुष्कळांचे चुकते: अभ्यासक्रमाला नाव नोंदवले म्हणजे परीक्षेलाही नोंदवले, असा समज असतो. परीक्षा ठरलेल्या केंद्रावर जाऊन द्यावी लागते. गुणांची विभागणी साधारण ३० टक्के स्वाध्याय, ७० टक्के परीक्षा. स्वाध्यायाची मुदत उलटली की खिडकी बंद होते, ईमेल पाठवून उघडत नाही.

नियमित महाविद्यालयात असाल तर आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयमवरून करता येतात. पण तुमच्या विद्यापीठाने तो अभ्यासक्रम सत्राआधी मान्य केलेला असला पाहिजे. आधी परीक्षा देऊन नंतर प्रमाणपत्र कार्यालयात नेणाऱ्याला 'यादीत नाही' एवढेच ऐकायला मिळते. विभागप्रमुखांकडून लेखी मंजुरी घेऊन मगच नाव नोंदवा, आणि नोंदणी करताना एबीसी क्रमांक भरा, नाहीतर क्रेडिट तुमच्या खात्यात येणार नाही.

स्वाध्याय

इग्नूत स्वाध्यायाला ३० टक्के आणि सत्रअखेरच्या परीक्षेला ७० टक्के वजन. एमएला दोन्हींत स्वतंत्रपणे ४० टक्के लागतात. परीक्षेत सत्तर मिळवून स्वाध्याय दिलाच नसेल तर तो पेपर पूर्ण होत नाही आणि गुणपत्रिकेत तसाच लटकत राहतो.

प्रश्नपत्रिका त्या सत्राचीच असावी, मागच्या वर्षीच्या प्रश्नांची उत्तरे नाकारली जातात. पहिल्या पानावर नोंदणी क्रमांक, अभ्यासक्रम संकेत, पेपरचा संकेत आणि अभ्यासकेंद्राचा क्रमांक. हस्ताक्षरात लिहा. एका पेपरचा स्वाध्याय म्हणजे एक फाइल. चार पेपर एकाच फाइलमध्ये बांधून दिले की तीन हरवतात. जमा करताना पोच घ्या, ऑनलाइन असेल तर पडद्याचे चित्र काढून ठेवा. सगळ्या पानांचा फोटो काढून ठेवा, कारण गुण पोर्टलवर चढायला वेळ लागतो आणि कधी चढतच नाहीत. तेव्हा ही पोच आणि हे फोटो घेऊनच प्रादेशिक केंद्रात जावे लागते.

तयार स्वाध्याय विकणारे समाजमाध्यमांवर भरपूर आहेत. तेच उत्तर शंभर जणांकडून आलेले परीक्षकाला ओळखता येते. आणि परीक्षेची तयारी म्हणून स्वाध्यायासारखा दुसरा सराव नाही, तो विकत घेतला तर सरावच विकून टाकल्यासारखे आहे.

चॅटबॉटचा उपयोग अवघड उतारा सोप्या भाषेत समजून घ्यायला किंवा सरावाचे प्रश्न काढायला करा. अनुच्छेदाचे क्रमांक, खटल्यांची नावे, वर्षे आणि अवतरणे त्याच्याकडून घेऊ नका. तो अस्तित्वात नसलेला खटला आत्मविश्वासाने सांगतो. एखादे नाव मिळालेच तर ते ई-एससीआरवर किंवा संविधानाच्या प्रतीत सापडल्यावरच वहीत लिहा.

परीक्षा: हाताचा वेग

इग्नूच्या एमए राज्यशास्त्राच्या १०० गुणांच्या पेपरचा नमुना ठरलेला आहे: तीन तास, दोन विभाग, प्रत्येक विभागातून किमान दोन असे एकूण पाच प्रश्न, प्रत्येकी सुमारे ५०० शब्द आणि २० गुण. म्हणजे १८० मिनिटांत २,५०० शब्द, एका उत्तराला ३६ मिनिटे. प्रश्न वाचायला आणि आराखड्याला २० मिनिटे काढली तर मिनिटाला १५ ते १६ शब्दांचा वेग हवा. मोबाइलवर टाइप करायची सवय झालेल्या हाताला हा वेग सुरुवातीला येत नाही. दुसऱ्या तासात मनगट भरून येते, आणि चौथे-पाचवे उत्तर अर्ध्या पानावर येते. नापास होणाऱ्यांत माहिती कमी असलेले थोडे, पाचवे उत्तर न लिहिलेले जास्त. म्हणून शेवटच्या दोन महिन्यांत दर रविवारी सलग तीन तास, टेबलावर बसून, पूर्ण पेपर लिहा. जुन्या प्रश्नपत्रिका विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असतात, मागच्या दहा सत्रांच्या घ्या आणि घटकनिहाय प्रश्न मोजा. कोणते घटक सोडता येतात ते त्यावरून कळेल. तरीही पाच प्रश्नांसाठी किमान आठ घटक पक्के हवेत.

परीक्षेचा अर्ज वेगळा भरावा लागतो आणि त्याची मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते. अर्जात परीक्षा केंद्र निवडताना एसटीची पहिली गाडी किती वाजता पोहोचते ते बघून निवडा. सकाळच्या सत्राला तालुक्याच्या गावाहून निघून वेळेवर पोहोचता येत नसेल तर आदल्या रात्रीच्या मुक्कामाची सोय अर्ज भरतानाच करून ठेवा.

ज्यांना पुढे शिकवायचे आहे त्यांनी ४० टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवू नये. नेट आणि सेटला एमएमध्ये ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ५०. नेटची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. एमएच्या अंतिम वर्षाला असतानाही अर्ज करता येतो, त्यामुळे शेवटच्या सत्राच्या निकालाकडे डोळे लावून बसू नका. निकाल लागल्यावर एबीसी खात्यात क्रेडिट दिसतात का ते तपासा, तात्पुरते पदवी प्रमाणपत्र लगेच मागवा आणि दुसऱ्या विद्यापीठात पीएचडीला जाणार असाल तर स्थलांतर प्रमाणपत्राचा अर्ज त्याच आठवड्यात करा. त्याला लागणारा वेळ प्रवेशाच्या मुदतीपेक्षा जास्त असू शकतो.